सपाटराव

"भेगेला हात लावू नका, असं सांगितलं होतं ना, मिस्त्री?"

इंजिनिअर बाईंचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होते. चढला असता तर मिस्त्रींना काहीतरी उत्तर सुचले असते. ते नोंदणी कचेरीच्या मोठ्या दालनात, दक्षिणेकडच्या भिंतीपाशी उभे होते. हातात थापी, पायाशी घमेले, आणि समोर काल संध्याकाळपर्यंत जिथे बोट जाईल एवढी भेग होती तिथे आता एक गुळगुळीत, ओलसर पट्टा. भेगेवर बाईंनी काचेची एक पातळ पट्टी चिकटवली होती. ती मिस्त्रींनी जपून सोडवून, धुऊन, खिडकीत वाळत ठेवली होती.

"काच फुटली नाही, बाई," ते म्हणाले. "ओरखडासुद्धा नाही."

"ती फुटायलाच लावली होती. भिंत हलली की काच तडकते. कधी तडकली, कशी तडकली, यावरून आम्हाला कळतं. आता ह्या भेगेचं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागणार."

"दिसली की भरावीशी वाटते. हात शिवशिवतात माझे."

"मग खिशात घाला," बाई म्हणाल्या. आपण जरा तोडून बोललो असे त्यांना वाटले असावे, कारण जाता जाता त्या थांबल्या. "काम सुरेख झालंय. भेग कुठं होती ते दिसतसुद्धा नाही."

मिस्त्री नको तेवढे खूश झाले.

ही कचेरी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जड इमारत. मधोमध घुमटाचे दालन, दोन्ही अंगांना खोल्यांच्या रांगा, पुढे दगडी खांब. कधीकाळी तिथे व्यापाऱ्यांच्या सभा भरत, आता जन्म, मृत्यू आणि लग्ने नोंदली जातात. गावातला प्रत्येक माणूस निदान दोनदा इथे नोंदला जातो. दोन्ही खेपांना स्वतः यावे लागत नाही, एवढीच सवलत. इमारत दक्षिणेकडे खचते आहे हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणाला त्याचे फारसे काही वाटत नव्हते. टेबलावरची पेन्सिल घरंगळू लागली, कपाटाचे दार आपोआप उघडू लागले, पुसलेल्या फरशीचे पाणी एका कडेला साचू लागले, की शिपायाला हाक जायची: "मिस्त्रींना बोलवा." मिस्त्री येत, दोरी धरत, पाणसळ लावत आणि खचलेल्या बाजूला नवा कोबा घालून जमीन पुन्हा सपाट करून देत. त्यांच्या आधी हेच काम त्यांचे वडील करत. कारकून मंडळींनी मिस्त्रींचे नाव सपाटराव ठेवले होते. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे सपाटराव. त्यांना ते माहीत होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

दक्षिणेच्या खिडक्यांचे कट्टे पूर्वी छातीला लागायचे म्हणे. आता त्यांवर बसून कारकून बायका डबा खात. भिंतीतल्या खिडक्या काही सरकलेल्या नव्हत्या, जमीन भरून भरून वर आली होती. पण डबा खाताना असले विचार कोण करतो? बाहेरच्या पायऱ्या एक एक करून मातीत गेल्या होत्या आणि कचेरीत शिरताना लोक आता चढण्याऐवजी उतरत होते. त्याचेही कोणाला नवल नव्हते. म्हाताऱ्यांना बरेच झाले, एवढेच सगळे म्हणत. घुमटालाच भेग गेली तेव्हा मात्र साहेबांची झोप उडाली. कुठून कुठून पत्रव्यवहार झाला आणि बाई आपली नळ्यांची आणि दुर्बिणींची सामग्री घेऊन हजर झाल्या.

भेगेच्या प्रकरणानंतर आठवडाभरात बाईंनी जमिनीला भोक पाडले. एक यंत्र घरघरत फिरले आणि वरून खालपर्यंत जमिनीचा एक गोल तुकडा सोलून निघाला, चांगला दीड हात लांबीचा. बाईंनी तो लाकडी पेटीत आडवा ठेवला, ओल्या फडक्याने पुसला आणि मिस्त्रींना बोलावणे पाठवले.

मिस्त्री आले ते पुन्हा बोलणी खायच्या तयारीनेच. पण बाईंनी त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

"मिस्त्री, मला जरा मदत करा. हे एवढे थर आहेत. ह्यातला कुठला कधीचा, ते तुम्ही सांगू शकाल?"

एवढ्या वर्षांत ह्या कचेरीत मिस्त्रींना कोणी काही विचारले नव्हते. कधी होईल, एवढेच विचारत. त्यांनी चष्मा लावला, पेटीवर वाकले, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"हा वरचा, लाल, तो माझा. परवा परवाचा. घोटाई बघा, नख ठरत नाही. हा करडा, तोही माझा. मुलगी पोटात होती तेव्हाचा. बायकोला दवाखान्यात ठेवून इथं कोबा घोटत होतो, कारण ओला सोडून जाता येत नाही." त्यांचे बोट खाली सरकले. "हा पण माझा. ह्याच्यात खडी मोठी पडलीय, साहेब बदलले होते तेव्हा घाई झाली. आणि हा..." ते थांबले. थर पांढुरका होता, विटांचे लालसर तुकडे त्यात मधून मधून दिसत होते. "हा वडिलांचा. चुना आणि विटांचा चुरा. ह्याला पाणी मी मारलंय. शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि पाणी मारायचं. त्याच्या खालचाही त्यांचाच. त्याच्या खालचा दगड मात्र मूळचा. तो आम्ही कोणी बघितलेला नाही."

"प्रत्येक थर इतका जाड का?"

"पातळ घातला तर उखडतो, बाई. सरकारी काम म्हणून हातचं राखून करायचं, ते मला जमलं नाही. वडिलांनाही नाही. जुन्या थराला आधी छिन्नीनं टाचे मारायचे, मग नवा घालायचा. म्हणजे दोन्ही एकजीव होतात. पहारीनंसुद्धा सुटायचे नाहीत."

बाई लिहीत होत्या. आधी भराभर लिहीत होत्या, मग हळूहळू, मग थांबल्याच. मिस्त्रींचे तिकडे लक्ष नव्हते. ते वडिलांच्या थरावरून अंगठा फिरवत होते.

"वाया नाही हो गेलं काम," ते म्हणाले. "बघा ना, अजून कसं घट्ट आहे."

सभा साहेबांच्या खोलीत भरली. मिस्त्रींना दाराशी उभे केले होते, काही विचारायचे झाल्यास असावेत म्हणून. बाईंनी सोप्या शब्दांत सांगितले. खाली पूर्वी तळे होते. ते बुजवून त्यावर इमारत उभी केली. उत्तरेची बाजू तळ्याच्या जुन्या बांधावर आली, ती टिकून आहे. दक्षिणेची आली गाळावर. गाळ म्हणजे निम्मे पाणीच. वर वजन पडले की ते पाणी हळूहळू निघून जाते आणि माती बसते, बसतच राहते. त्यात आसपासच्या लोकांनी पंप लावून जमिनीतले पाणी उपसले.

"हे सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण अलीकडंच एवढं का वाढलं?"

बाईंनी दाराकडे पाहिले. मिस्त्रींना वाटले, आपल्याला काही विचारताहेत, म्हणून ते एक पाऊल पुढे आले.

"दक्षिणेकडं जमीन खचली की आपण ती भरून काढत आलो," बाई म्हणाल्या. "भरली की तिथं वजन वाढलं. वजन वाढलं की ती आणखी खचली. खचली की पुन्हा भरली. आज दालनाच्या त्या बाजूला जो कोबा आहे, त्याचं वजन म्हणजे भरलेल्या ट्रकांची रांग आत उभी केल्यासारखं आहे. आणि हे ट्रक कधी हललेच नाहीत."

साहेब खुर्चीत मागे रेलले आणि हसले. वाईट माणूस नव्हता तो, हसू आले म्हणून हसला.

"म्हणजे आमच्या मिस्त्रींनीच बुडवली म्हणा की इमारत."

"असं नाही म्हणता येणार, साहेब. खचली असतीच ती."

"पण इतकी नाही?" हे मिस्त्रींनी विचारले. सभेत बोलायची त्यांना परवानगी नव्हती, पण तोंडातून निघून गेले.

बाईंना खोटे बोलता आले असते. एक क्षण त्यांच्या मनात तसे आलेही असावे. "नाही," त्या म्हणाल्या. "इतकी नाही."

संध्याकाळपर्यंत कचेरीभर झाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आवारात शिरले तेव्हा जन्माच्या खिडकीवरचा कारकून मृत्यूच्या खिडकीवरच्या कारकुनाला म्हणत होता, "आले बघ बुडवे." सपाटराव हे नाव इतक्या वर्षांनी एका रात्रीत पुसले गेले. आणि हा तोच कारकून, ज्याने आपल्या टेबलाखालची जमीन तीनदा भरून घेतली होती. मिस्त्री ऐकले न ऐकलेसे करून पुढे गेले. त्यांना राग आला नाही. राग यायला आपली बाजू खरी असावी लागते.

घरी त्यांचा मेहुणा आलेला होता. हा गृहस्थ जन्मभर मालट्रक चालवून आता बहिणीकडे चहा प्यायला यायचा आणि जेवून जायचा. झाला प्रकार ऐकून तो मनापासून हळहळला आणि लगेच त्याला विनोद सुचला.

"म्हणजे दाजी, नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा."

"तू गप रे," मिस्त्रींची बायको म्हणाली. तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला. "अहो, तुम्ही काय मनानं केलंत? साहेब लोकांनी सांगितलं सपाट करा, तुम्ही केलंत. त्यांना नाही कळलं, ते शिकलेले. तुम्हाला कुठून कळणार?"

"सपाट करा एवढंच सांगितलं होतं. एवढं जाड करा असं कोणी सांगितलं नव्हतं."

"चांगलं काम केलंत, ते काय चुकलं?"

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "तुला तो मागच्या व्हरांड्याचा कंत्राटदार आठवतो? ज्यानं वाळूत चिमूटभर सिमेंट घातलं, मी ज्याला चोर म्हणायचो?"

"हो. तुम्ही तर त्याच्या लग्नालाही गेला नाहीत."

"त्याचा कोबा बोटभर जाड निघाला. पापुद्र्यासारखा. त्या बाजूला माती तीच, गाळ तोच. पण व्हरांडा आमच्या दालनापेक्षा निम्माच खचलाय. आज बाईंनी मोजून दाखवलं." त्यांनी बायकोकडे पाहिले. "मी चोर असतो तर बरं झालं असतं गं."

बायको शेजारी येऊन बसली. तिला नवऱ्याचे सांत्वन करायचे होते, पण आपण बाळंतपणाच्या कळा देत असताना हा माणूस ओला कोबा सोडून आला नव्हता, हे तिला आजच आठवत होते आणि त्याचा आज राग धरावा की कीव करावी, ते तिला कळत नव्हते. शेवटी तिने त्यांचा कप उचलला आणि गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

उपाय ठरला. दक्षिणेकडचा सगळा कोबा मूळ दगडापर्यंत काढायचा. आणि उत्तरेकडे, चांगल्या बाजूला, जमिनीखाली तिरक्या नळ्या घालून थोडी थोडी माती काढायची, म्हणजे ती बाजूही जरा खाली येईल आणि घुमटावरचा ताण हलका होईल.

"खचलेली बाजू वर नाही का उचलता येणार?" मिस्त्रींनी विचारले.

"इतकी जड इमारत इतक्या मऊ जमिनीवरून उचलायला गेलो तर भिंतीच फाटतील."

"म्हणजे चांगल्या बाजूला खाली ओढायचं."

"हो. ऐकायला विचित्र वाटतं, मला माहीत आहे."

"नाही, विचित्र नाही," मिस्त्री म्हणाले. "घरांतसुद्धा असंच असतं."

फोडण्याचे काम हाताने करायचे होते. यंत्राने हादरे बसतात आणि ओला गाळ हादरला की आणखी ढिला होतो. बाहेरून मजूर आणले. त्यांनी छिन्नी लावली, हातोडा मारला, आणि छिन्नी टणकन उडाली. दुपारपर्यंत परातीएवढा खड्डा झाला. "कुठल्या शहाण्यानं हे घातलंय," त्यांचा मुकादम कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "लोखंड आहे का जमीन? दोन थर सुटे होतील तर शपथ." मिस्त्री खांबाशी उभे होते. आयुष्यात त्यांच्या कामाची इतकी मनापासून स्तुती कोणी केली नव्हती आणि ती ऐकून त्यांना जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते.

मागच्या व्हरांड्याचा कोबा मजुरांनी एका सकाळीत काढला. तो डब्याच्या झाकणासारखा निघाला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री घरून आपली छिन्नी घेऊन आले आणि न विचारता मजुरांच्या ओळीत जाऊन बसले. कुठल्या बाजूने मारले तर टाचे सुटतात हे त्यांना ठाऊक होते, कारण टाचे त्यांनीच मारले होते. त्यांनी दाखवले, मजुरांनी तसे केले, काम थोडे सरकू लागले. मुकादमाला आता कळले की तो शहाणा हाच. तो ओशाळला आणि त्याने मिस्त्रींना बसायला पोते आणून दिले. लाल थर गेला, करडा गेला, मोठ्या खडीचा गेला. घमेल्यांनी भरून तो राडारोडा बाहेर जात होता, आणि गाडीत पडताना त्याचा जो आवाज व्हायचा त्याकडे मिस्त्री लक्ष देत नसत. म्हणजे देत असत, पण मान वर करत नसत. रात्री हात इतके दुखत की बायको तेल लावून देई.

पांढुरका थर उघडा पडला त्या दिवशी मिस्त्रींचा हातोडा थांबला. चुना अजून घट्ट होता. एका ठिकाणी चार लहान बोटे उमटलेली होती, कोणाची तरी ओल्यात पडलेली. वडिलांची नक्कीच नव्हेत, ते असे कधी होऊ देत नसत. बाई शेजारी येऊन उकिडव्या बसल्या.

"हा ठेवता येणार नाही, मिस्त्री. मी मोजून बघितलं. सगळं वजन काढलं तरच उपयोग."

"मी कुठं म्हटलं ठेवा म्हणून?"

"नाही, तुम्ही थांबलात म्हणून."

"वडील असते तर त्यांना एक विचारलं असतं," मिस्त्री म्हणाले. "विचारलं असतं, की तुम्हाला कधी शंका आली होती का? आली होती तर मला का बोलला नाहीत? आणि आली नव्हती तर मग माझं काय चुकलं?" त्यांनी छिन्नी लावली. "जाऊ द्या. विचारायला कुठं जाणार आता. सरका बाई, तुकडा उडेल डोळ्यात."

मूळचा दगड उघडा झाला तेव्हा मजूरसुद्धा उभे राहून बघू लागले. निळसर, घासून गुळगुळीत झालेल्या मोठ्या फरश्या, आणि त्या उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत सरळ उतरत गेलेल्या. इतका उतार की मधोमध उभे राहिले तर एक गुडघा आपोआप वाकायचा. खिडक्यांचे कट्टे पुन्हा छातीपर्यंत गेले. इतकी वर्षे सगळ्यांनी मिळून जे झाकून ठेवले होते ते असे उघडे पडले होते, आणि मिस्त्रींना ते बघवेना. आजारी माणसाचे पांघरूण काढावे तसे त्यांना वाटले.

त्यानंतर नळ्यांचे काम सुरू झाले. उत्तरेच्या खोल्यांखालून तिरक्या नळ्यांतून बादली बादली माती निघू लागली. मिस्त्री एकदा जाऊन बघून आले. जुन्या बांधाच्याही खालून आलेली, मळलेल्या कणकेसारखी माती, बोट दाबले की खड्डा तसाच राहणारी. तिकडे दक्षिणेला असल्याच मातीवर आपण थरावर थर चढवत होतो, असे त्यांच्या मनात आले. ते मनात ठेवून ते नळावर हात धुवायला गेले.

त्या सगळ्या काळात मिस्त्रींना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. खचणे थांबले का? रोज सकाळी कचेरीत आल्यावर ते आधी बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहत. बाईंनी भिंतींच्या कडेने पाण्याच्या नळ्या बसवल्या होत्या, त्यांतल्या पाण्याच्या पातळीवरून त्यांना कळे. "अजून सांगता येत नाही," त्या म्हणत. मिस्त्री मान हलवून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि कळल्याशिवाय त्यांना घरी बसायचे नव्हते.

मग एका सकाळी बाईंनीच त्यांना हाक मारली. त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

"मिस्त्री, मंदावलं. बरंच मंदावलंय. कोबा काढल्याचा उपयोग झाला."

"थांबलं नाही?"

"थांबणं वेगळं. ह्या मातीत थांबणं असं होत नाही. पण पूर्वीच्या मानानं फारच कमी."

"पुढं थांबेल?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. त्या हुशार होत्या आणि त्यांनी जीव ओतून काम केले होते, पण उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते. "नाही सांगता येत. आपण ओझं कमी केलं, पाणी उपसणं बंद करायला लावलं. आता माती तिच्या मनानं वागणार. आम्ही बघत राहणार."

"डॉक्टर लोक असंच बोलतात," मिस्त्री म्हणाले. "बायकोच्या आईच्या वेळी असंच बोलले होते."

"माफ करा," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला माफी मागता?" मिस्त्री म्हणाले, आणि आपल्याला रडू येते आहे हे लक्षात आल्यावर चष्मा पुसायला लागले. एवढे फोडले, वडिलांचे फोडले, स्वतःचे फोडले, आणि पदरात काय, तर मंदावलं. त्यांना कोणाशी तरी भांडावेसे वाटत होते आणि भांडायला समोर माती होती.

उत्तरेच्या खोल्या नळ्यांच्या कामासाठी बंद केल्यामुळे लग्नाच्या नोंदणीला आता उतरत्या दालनाशिवाय जागा नव्हती. टेबलांच्या पायांखाली सुताराने पाचरी ठोकून दिल्या. खुर्च्या मात्र इकडून तिकडे हलत, त्यांना पाचर कुठली? कारकून कुरकुरू लागले. "मिस्त्री, निदान माझ्या खुर्चीपुरतं तरी सपाट करून द्या," जन्माच्या खिडकीवरचा तो कारकून म्हणाला. "एक घमेलं फक्त. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मिस्त्री म्हणाले.

ते थापी आता घरीच ठेवून येत. कचेरीत त्यांना करण्याजोगे काही उरले नव्हते. भेगा भरायच्या नाहीत, जमीन करायची नाही, गिलावा लावायचा नाही. ते दालनात एका कडेला उभे राहत, आणि कोणी घसरू लागले तर हात देत.

त्या दिवशी एक लग्न होते. मुलगी, मुलगा, दोन्हीकडची दहा-बारा माणसे, आणि मुलाचे वडील चाकाच्या खुर्चीत. भारी देहाचे गृहस्थ होते, अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. त्यांना आणणाऱ्या पुतण्याने खुर्ची पहिल्या रांगेच्या कडेला उभी केली, चाक अडवायची कळ दाबली आणि तो फोटो काढायला पुढे गेला. सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे होत्या. अधिकारी उभे राहून नियम वाचू लागले.

खुर्चीची कळ ढिली होती. मिस्त्रींना ते आधी दिसले. चाक एक करंगळीभर फिरले, थांबले, पुन्हा फिरले. म्हाताऱ्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर भीती उमटली. त्यांनी चालता हात दांडीवर दाबला, काही बोलायचा प्रयत्न केला, पण जीभ वळेना, आणि मुलाच्या लग्नात ओरडायचे कसे, हेही त्यांच्या डोळ्यांत दिसत होते. खुर्ची उताराकडे सरकू लागली.

मिस्त्री दोन पावले पुढे झाले आणि त्यांनी आपला पाय चाकापुढे आडवा ठेवला. चाक चपलेवर येऊन टेकले. ओझे चांगलेच होते. त्यांनी टाच दगडात रोवली, गुडघा कडक केला आणि कडेच्या भिंतीला हात लावून तोल धरला.

गृहस्थांनी मान वळवून पाहिले. मिस्त्रींनी नुसती पापणी हलवली, बघा तुम्ही पुढे, अशा अर्थाने. ते पुढे बघू लागले.

अधिकारी सावकाश वाचणारे होते. नियम बरेच होते. मग सह्या झाल्या, मग साक्षीदारांच्या सह्या, मग पुन्हा फोटो. पुतण्या तिकडेच रमला. मिस्त्रींची बोटे आधी दुखली, मग बधिर झाली. कोणीतरी पेढ्यासारखे काहीतरी वाटत आले, त्यांनी हाताने नको म्हटले.

"मिस्त्री, जरा इकडे या," साहेबांनी दाराशी येऊन हाक मारली.

"आलो साहेब," ते म्हणाले, आणि पाय काढला नाही.